सुलूआत्याची सलग नावं

आमच्या बोर्ली पंचतनात लग्न ठरायचं तर पत्रिका जुळावी लागते, मुलगी पसंत पडावी लागते आणि शेवटी सुलूआत्याच्या यंत्रातून नवरानवरीची नावं सलग निघावी लागतात.

सुलूआत्या आमची शेजारीण. साठी ओलांडलेली, बिनलग्नाची, आवाज खणखणीत. भाच्याने तिला कागद कापायचं घरगुती यंत्र आणून दिलं. लॅपटॉपवर नक्षी मांडायची, चिकट चटईवर कार्ड लावायचं, की आतलं पातं नक्षी कापून देतं. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक रुखवतावरची नावं आत्याचीच. यंत्रावर ती शाल घालते. म्हणते, "खारं वारं बाधतंय त्याला."

मराठी नावांची एक भानगड असते. अक्षरं आधी एकमेकांना जोडून घेतली नाहीत, तर यंत्र प्रत्येक अक्षर सुटं कापतं आणि उचलताना हातात तुकडे येतात. म्हणून आत्याचा एकच मंत्र, "आधी जोड, मग काप." तो ती भाजी चिरणाऱ्या बायकांनाही ऐकवते.

एकदा एका जोडप्याची नावं उचलताना मधेच फाटली आणि पुढे ते लग्न मोडलं. मुलगा मुळात दुसरीकडे अडकलेला होता, पण बोल लागला कार्डाला. मग लोक साखरपुड्याआधीच नावं घेऊन तिच्या ओटीवर येऊन बसायला लागले. आत्या ओरडायची, "मी काय देवरुषी हाय?" लोक मान डोलवायचे आणि बसून राहायचे.

माझ्या लेकीचं, अश्विनीचं, तळा गावच्या सिद्धेशशी जमत आलं, तेव्हा त्याची आई, वंदनाबाई, स्वतः आल्या. "उचलताना मी बघणार," म्हणाल्या. आत्याने नावं मांडली, जोडली, कापली. हवा दमट, कार्ड मऊ पडलेलं. उचललं तर मधेच फाटलं; अश्विनी माझ्या बाजूला आली आणि सिद्धेश त्याच्या आईच्या.

वंदनाबाईंनी पदर सावरला. "आम्ही जरा विचार करून कळवतो."

आत चहा करणाऱ्या अश्विनीच्या कपबशांचा आवाज थांबला. पोरीचा जीव जडला होता त्याच्यावर.

"बसा," आत्या म्हणाली. "तुमच्या मालकांचं नाव काय?"

"रघुनाथ. का हो?"

आत्याने 'वंदना रघुनाथ' टाइप केलं आणि अक्षरं न जोडताच कापायला लावलं. मी तोंड उघडलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. थोड्या वेळाने वंदनाबाई आणि रघुनाथराव चटईवरून निघाले ते अक्षर अक्षर होऊन. रघुनाथरावांमधला 'र' तर पाटाखाली गेला, तो मलाच शोधावा लागला.

"संसार किती वर्षांचा?" आत्याने विचारलं.

"तीस उलटली."

"भांडता?"

"रोज."

"मग गेले काय सोडून?"

"जातायत कुठे! जेवायला घरीच लागतं." वंदनाबाई आधी चिडून बोलल्या, मग तुकड्यांकडे बघत हसल्या. हसू आवरल्यावर त्यांनी आत हाक मारली, "अश्विनी, चहा आण गं. आणि साखरपुड्याला साडी कुठल्या रंगाची आणू ते सांग."

त्या गेल्यावर मी म्हटलं, "आत्या, तू जोडलं नव्हतंस."

"न्हाय जोडलं." ती चटईवरचे तुकडे नखाने खरवडत होती. खरवडता खरवडताच म्हणाली, "माझं ठरत होतं तेव्हा बाबांनी देवाच्या मूर्तीला दोन बाजूंना कळ्या चिकटवून कौल लावला. उजवीकडची कळी पडली तर देवाचा होकार. डावीकडची पडली. मोडलं."

इतकी वर्षं शेजारी राहून हे मला ठाऊक नव्हतं, याचं वाईट वाटलं.

"तुला तो आवडला होता?"

"व्हय." तिचे हात थांबले नाहीत. "देवळाचं दार उघडं होतं गो, वारा येत होता. कळी वाऱ्यानं पडली, मी बघितलं. पण सगळी मोठी माणसं उभी होती. मी बोलले न्हाय."