टेम्पो मिसिंग करतोय

घणसोली गावातल्या धनेशने त्या रविवारी टेम्पोचे स्पार्क प्लग स्वतः बदलायचं ठरवलं, ते सासऱ्यांच्या एका वाक्यामुळे. देवजीदादा फोनवर आपल्या लेकीला म्हणाले होते, "गाडी मेकॅनिकला दाखव. जावयांना दाखवून उपेग नाय." फोन स्पीकरवर होता. (सुचिताचा फोन कायम स्पीकरवरच असतो. तिचे दोन्ही हात पिठात असतात.)

दादांचं तसं काही चुकलं नव्हतं. धनेश महाप्याच्या एका कंपनीत ॲडमिनला होता. तिथे बल्ब गेला की इलेक्ट्रिशियनला फोन करायचा, एवढंच त्याचं काम, आणि ते तो उत्तम करी. पण जावयालाही मन असतं.

टेम्पो सुचिताचा. तांदळाच्या भाकऱ्यांच्या ऑर्डरी पोचवायला तिने हा सीएनजीवरचा जुना टेम्पो घेतला होता. तो आजवर किती धावला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मीटर तीन लाखांवर येऊन थांबला होता, बहुधा दमून. अलीकडे चढ आला की टेम्पो धक्के खाऊन बंद पडायचा. आणि आज संध्याकाळी खांदेश्वरला सुचिताच्या माहेरच्या भावकीत हळद होती. हळदीच्या सगळ्या भाकऱ्या सुचिताकडे! एवढी मोठी ऑर्डर पहिलीच. ती वेळेवर पोचली तर माहेरी तिचं नाव होणार होतं. नाही पोचली तरी होणारच होतं, पण ते वेगळं.

"आई, टेम्पो मिसिंग करतोय," धनेशने बाह्या सरसावत जाहीर केलं.

"मिसिंग?" सुमित्राबाईंनी कपाळाला हात लावला. "आगो बाय! आता तं दारात होता! गोजरे, धाव गं, टेम्पो चोरीला गेला!"

शेजारच्या गोजराकाकू धावत आल्या, धापा टाकत टेम्पोलाच टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कुठनं गेला?"

"चोरीला नाय गं गेला! इंजिन मिसिंग करतंय. प्लग खराब झालेत."

"मंग अंकुश मेकॅनिकला बोलव."

"अंकुश कशाला? मी व्हिडिओ बघितलेत."

आतला भाकरी थापायचा आवाज थांबला. "किती?" सुचिताने विचारलं.

"एक. पन दोनदा बघितला."

आवाज पुन्हा सुरू झाला, जरा जोरात.

धनेशने ड्रायव्हरची सीट उचलली. खाली इंजिन, त्यात चार प्लग आणि प्रत्येकाची एकेक वायर. वायरींची अदलाबदल होऊ नये म्हणून त्याने प्रत्येक वायरीला आणि तिच्या जागेला सुचिताची एकेक टिकली चिकटवली. (सगळ्या टिकल्या लाल होत्या, हे नंतर लक्षात आलं.) मग त्याने नव्या प्लगचं खोकं उघडलं, तर आई हजर.

"नवी चीज हाय. आधी देवाला दाखवाची." त्यांनी चारही प्लग पदरात घेतले, रिकामं खोकं तिथेच ठेवलं आणि त्या आत गेल्या.

जुने तीन प्लग निमूट निघाले. चौथा जागचा हलेना. धनेशने पाय रोवून पाना असा ओढला की प्लग सुटला आणि धनेश टेम्पोच्या दारातून थेट गोजराकाकूंनी वाळत घातलेल्या जवळ्याच्या सुकटीत. (त्या दिवशी गावातल्या मांजरांनी त्याच्यावर जे प्रेम केलं, ते आजवर कुणी केलं नसेल.)

जुने प्लग चुलीतून काढल्यासारखे काळे झाले होते. टाकून कशाला द्यायचे, अडीअडचणीला होतील, म्हणून त्याने रॉकेलमध्ये टूथब्रश बुडवून ते लख्ख घासले. (ब्रश आपलाच होता, हे त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी चवीवरून कळलं.) हरवायला नकोत म्हणून ते रिकाम्या खोक्यात ठेवले आणि तो अंगाला चिकटलेला जवळा धुवायला गेला.

"अवो, टोपल्या भरायच्यात! झालं का तुमचं?" सुचिता आतून ओरडली.

धनेश धावत आला. खोकं उघडलं, आत चार प्लग चमकत होते. आईने देवाला दाखवून आणून ठेवले वाटतं, असं म्हणत त्याने ते भराभर बसवले, वायरी लावल्या आणि किल्ली फिरवली.

ठो! गोजराकाकूंचा कोंबडा उडून कौलांवर गेला. धनेशने दोन वायरी बदलल्या. ठो! सुमित्राबाईंनी देवाचा धावा सुरू केला. आणखी दोन बदलल्या आणि टेम्पो गुणगुणायला लागला. धक्का नाही, खोकला नाही.

सुचिता पिठाच्या हातांनी बाहेर आली. "खरंच तुमी केलं?" तिचे डोळे असे चमकले की धनेशला भरून आलं. लग्नानंतर ती त्याच्याकडे असं प्रथमच बघत होती. (लग्नातही असं बघितलं नव्हतं, पण ते असो.)

बेलापूरच्या पुढचा चढ टेम्पो एका दमात चढला. भाकऱ्या गरम पोचल्या. बायका दुमडून बघत होत्या, एकही मोडत नव्हती. पंगत बसायच्या आत सुचिताला पुढच्या दोन हळदींची बोलावणी आली. सुचिता नुसती हसत होती आणि वाढत होती.

इकडे मांडवाखाली धनेश सासऱ्यांना घेऊन बसला होता. "दादा, नव्या प्लगची बातच वेगळी. हात लावताच कळतं. जुन्यात तो दम नाय."

"मानलं तुमाला," देवजीदादा म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

तेवढ्यात सुचिताचा फोन वाजला. तिच्या हातात टोपली होती, म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला.

"सूनबाय," सुमित्राबाईंचा आवाज मांडवभर घुमला, "दिवा लावाला आली तं त्याचे चार पिलग देवापुढंच हायत. कुंकू लावलेले. धन्याला सांग, गाडी तशीच नेऊ नको, आधी पिलग बसव!"

दादांनी आधी जावयाकडे बघितलं, मग टेम्पोकडे. धनेश मांडवाच्या झालरी मोजायला लागला.

सुचिता टोपली सावरत फोनवर वाकली. "आई, ते तितंच ऱ्हाऊ द्या. इतकं चांगलं काम त्यांच्या हातनं पयल्यांदाच झालंय, आता त्यांना परत हात लावू देऊ नका."