माझ्या साडूंचा आकडा

माझे साडू मनोहरराव कोणाच्याही घरी गेले की पाणी पितात, पेला खाली ठेवतात आणि म्हणतात, "सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस." नवख्या माणसाला वाटतं, जमिनीचा सौदा करून आले.

इतवारीत त्यांचं भांड्यांचं दुकान. आमच्या लग्नात त्यांनी स्टीलचा मोठा गंज दिला. भांड्यावर लोक नावं घालतात. यांनी आकडा घातला. माझ्या घरचं वरण रोज माझ्या साडूच्या आकड्यात शिजतं!

"मूळ संख्या हाय गा," ते समजावतात. "एक अन् तो स्वतः, बाकी कोणाचाच त्याले भाग जात नाही. आता शेवटचा आकडा उडव. उरला तो बी मूळ. अजून एक उडव. तो बी मूळ! याच्याहून मोठा असा दुसरा नाहीच."

असे एकेक उडवत ते त्र्याहत्तरवर यायचे आणि गप्प बसायचे. मग स्वयंपाकघरातून त्यांच्या बायको शालूताई भाजी परतता परतता ओरडायच्या, "सात!" सगळी बैठक हसायची.

मी जळायचो. शालूताईंची धाकटी बहीण माझी बायको, पण मी "विमल" म्हणून हाक मारली तर आतून कुकर उत्तर देतो.

मग मीही एक आकडा मिळवला. लकडगंजला आमच्याकडे सगळं सासर जेवायला जमलं होतं, तेव्हा जाहीर केला: एक कोटी तेवीस लाख पंचेचाळीस हजार सहाशे एकोणऐंशी. नवानं गुणा, ओळीनं नुसते एक येतात!

"एक, दोन, तीन... यातला आठ कुठं गेला?" विमलनं विचारलं.

"तो नसतोच त्यात."

"मंग अर्धवट काहून आणला?"

सगळे खो खो हसले. मनोहरराव तेवढे हसले नाहीत. मान हलवून म्हणाले, "चांगला हाय गा. पण याले सदतीसनं भाग जाते." त्यापेक्षा हसले असते तर बरं झालं असतं.

शालूताई गेल्या. त्यानंतर मनोहरराव पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला आले. पाणी प्यायले, पेला खाली ठेवला आणि सुरू झाले. एकेक आकडा उडवत खाली आले. "सातशे एकोणचाळीस. त्र्याहत्तर."

आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले.

आत विमल कणीक मळत होती, तिचा हात थांबला. मला ते सहन होईना. मीच ओरडलो, "सात!"

"तू नको गा," ते हळूच म्हणाले. "राहू दे. त्र्याहत्तर बी मूळच हाय. तिथं थांबलं तरी चालते."

त्यांनी पेला उचलून तोंडाला लावला. तो रिकामा होता.

ते गेल्यावर मी विमलला विचारलं, "मी माझा आकडा म्हटला तर शेवटचं तू बोलशील?"

"आधी त्यातला आठ शोधून आणा," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

खोटं कशाला सांगू, मला तेव्हाही मनोहररावांचा हेवाच वाटला.