हौसाकाकू आणि गारठलेला जीव

उत्रोलीत आमच्या शेजारी राहणाऱ्या हौसाकाकूंच्या फ्रिजमध्ये साड्या असतात. मुलानं कौतुकानं आणलेला फ्रिज काकूंनी दुसऱ्याच दिवशी बंद केला आणि त्यात घड्या रचल्या. "गारठलेल्यात जीव ऱ्हात न्हाई," हा त्यांचा सिद्धांत. आमच्याकडे चहा घेण्याआधीसुद्धा दुधाची उलटतपासणी होते. भोरच्या बाजारातले भाजीवाले त्यांना लांबून पाहूनच कालच्या मेथीवर गोणपाट टाकतात.

सून सुनीता दिवस राहावेत म्हणून पुण्यात उपचार घेऊ लागली, तेव्हा हा सिद्धांतही दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तयार झालेला गर्भ लगेच पोटात सोडता येतो किंवा गोठवून ठेवून पुढं कधीतरी.

"ताजाच सोडा!" काकूंनी निकाल दिला. बाईंनाही तेव्हा हरकत दिसली नाही.

तो राहिला नाही. उरलेले दोन गोठवून ठेवले होते, पण काकूंच्या लेखी ते संपलेच होते. सुनीतानं तर सगळा दोष स्वतःवर घेतला. कुणाला तोंड दाखवायला नको म्हणून माहेरी, सारोळ्याला जाते म्हणू लागली.

बाईंनी पुन्हा समजावलं. ताजा बरा की गोठवलेला, याचं सगळ्यांना एकच उत्तर नसतं. सुनीताचं शरीर इंजेक्शनांनी दमलंय, दोन महिने जाऊ द्या.

काकू विचारात पडल्या. "म्हंजी भाताचं रोप तयार हाय, पन खाचरात चिखलणी व्हायचीय?"

"अगदी तसंच."

झालं! तेव्हापासून उत्रोलीत लाईट गेली की काकू माझ्या दारात. "फोन लाव बाई दवाखान्याला. लेकरं हायती तितं." लाईट इथं गेली, दवाखाना पुण्यात, आणि गर्भ ठेवलेली गार टाकी विजेवर चालतच नाही, हे तिथल्या सिस्टरनी फोनवर किती वेळा सांगितलं. "व्हय, पन एकदा बगून या की."

परवा पुन्हा लाईट गेली. सिस्टर बिचाऱ्या बघून आल्या. "दोघं मजेत आहेत, मावशी. काही निरोप?"

त्यांनी थट्टेनं विचारलं होतं. काकूंनी मात्र डोक्यावरचा पदर सारखा केला. त्यांना शोधत आलेली सुनीता मागं दारात उभी आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"त्यास्नी म्हणावं, घाई करू नगा. तुमच्या आईला आदी बरी होऊ द्या. अन् न्हाईच जमलं यायला, तर जिवाला लावून घिऊ नगा. ती हाय मला."

सुनीता उंबऱ्यावरच बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळी रडली.