दोन पॅनेलसाठी एक भांडण

आमच्या गच्चीवर सरकारी अनुदानातून बसवलेली चार सोलर पॅनेल आहेत आणि ती तीन वर्षं बिनतक्रार चालू आहेत. हा आमचा गुन्हा. शिक्षा अजून भोगतोय.

झालं असं, की डॉक्टरांनी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घरी ऑक्सिजनचं मशीन लावून दिलं आणि ते सतत चालू ठेवायला सांगितलं. आता अप्पा म्हणजे खोलीतून बाहेर पडताना आत बसलेल्या माणसाचाही दिवा बंद करणारा माणूस. ते दर तासाला मीटर बघून यायचे आणि आकडा वाढलेला दिसला की मशीनचं बटण बंद करायचे.

"अहो अप्पा, श्वास घ्या!"

"घेतला की मघाशी."

एकदा तर ओठ निळे पडले. तेव्हा बायको म्हणाली, "आणखी दोन पॅनेल टाका बाई वर. वीज फुकट आहे कळलं की अप्पा पोटभर श्वास घेतील." एवढंच काम होतं. मी अनुदानाच्या कार्यालयात गेलो.

खिडकीवरच्या साहेबांनी विचारलं, "आधीची यंत्रणा आहे?"

"आहे."

"चालते?"

"एकदम मस्त."

"अरेरे," साहेब म्हणाले. "अनुदान नवीन यंत्रणेला. चालू यंत्रणेत भर घालायला नाही."

"मग ती चार काढतो, एकदम सहा बसवतो."

"पाच वर्षं काढता येत नाहीत."

"बिघडली तर?"

"दुरुस्त करायची."

"घरच पडलं तर?"

साहेबांना पहिल्यांदाच हुरूप आला. त्यांनी नियमांचं बाड चाळलं. "पडलं तर जमेल. पण अर्जाच्या दिवशी अर्जदार त्याच घरात राहत असला पाहिजे."

मी उठायला लागलो तसा त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, अनुदान कुटुंबाला मिळतं. वडिलांचं कुटुंब वेगळं दाखवा. वेगळं दार, वेगळी चूल, वेगळा मीटर आणि सहा महिने अबोला."

"अबोला कशाला?"

"नाहीतर लोक प्रेमाने वेगळे होतात हो. योजनेचा गैरफायदा घेतात."

घरी येऊन सांगितलं तर अप्पा गादीवर उठूनच बसले. माणसाला बऱ्याच दिवसांनी काम मिळालं होतं. "विषय कुठला घ्यायचा? तू माझी सायकल विकून सिनेमे बघितलेस, तो घेऊ?"

"तो खरा आहे. खोटा काहीतरी घ्या."

"खऱ्याला पाठांतर लागत नाही, गाढवा."

कार्यालयाचे निरीक्षक तपासायला आले त्या दिवशी अप्पांनी नाकात नळी असताना जो आवाज लावला, तो शेजारच्या शिंप्याने शिलाईचं मशीन थांबवून ऐकला. "हा कार्टा माझ्या घरात नको! याने माझी सायकल खाल्ली!" मीही कमी पडलो नाही. तुम्ही कधी कौतुक केलंत का माझं, असं ओरडून गेलो. ते पाठांतरात नव्हतं. बायको पाणी घेऊन आली होती, ती खरीच रडायला लागली. निरीक्षकांनी पाणी पिऊन लिहिलं : मतभेद समाधानकारक. खाली एक शेरा : मधलं दार विटांनी बुजवावं.

गवंडी आला, दार बुजलं. अप्पांची खोली आता रस्त्याच्या बाजूने उघडायची. पण दोन पॅनेल चढली, अप्पांच्या नावाचा मीटर लागला आणि मशीन एकदाचं अखंड चालू झालं. अप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "स्वतःच्या विजेवर श्वास घेतोय. कोणाच्या बापाचं खात नाही."

मी रोज दुपारी मागच्या खिडकीतून आत उतरायचो. या वयात, या पोटासकट. जेवण व्हायचं, मग पत्ते. अप्पा पत्त्यांत लबाडी करतात आणि पकडलं की दम लागल्याचं नाटक करतात.

चौथ्या महिन्यात निरीक्षक न कळवता आले. आम्ही दोघं पोट धरून हसत होतो.

"हे काय चाललंय?"

"भांडण," मी म्हणालो.

"हसत?"

"मी याला हसतोय," अप्पा म्हणाले. "अपमान चाललाय. तुम्ही जरा नंतर या."

आठवड्याने नोटीस आली. 'पिता व पुत्र यांच्यात संशयास्पद जिव्हाळा आढळून आला आहे. सदर जिव्हाळा सात दिवसांत बंद करून तसा लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा पॅनेल काढून नेण्यात येतील.'

खुलासा अप्पांनीच खिडकीतून सांगितला, मी बाहेर उभं राहून लिहिला. 'जिव्हाळा कायमचा बंद करण्यात आला आहे.' मी म्हटलं, मरू देत ती पॅनेल. अप्पा म्हणाले, "मग मी बटण बंद करीन. मला ओळखतोस ना?" ओळखतो. म्हणून सही केली.

कागद द्यायला गेलो तेव्हा साहेबांना म्हटलं, "जरा सवलत द्या की. सगळेच खोटं लिहीत असतील."

साहेबांनी मागचं कपाट उघडलं. वरपासून खालपर्यंत फायली. "चारशे बारा अर्ज. सगळ्यांनी आईवडील वेगळे दाखवले. आम्हालाही वाटलं खोटं असणार, म्हणून चारशे बारा घरं एकेक करून तपासली." त्यांनी माझ्या कागदावर शिक्का मारला. "खोटं फक्त तुमचं निघालं."

तर मंडळी, गच्चीवर जागा असेल तर अर्ज करून टाका. तुम्हाला आमच्यासारखी तालीम करावी लागणार नाही. साहेब फक्त एवढंच विचारतात, की वडिलांशी शेवटचं कधी बोललात; आणि तुम्ही आता जसं आठवायला लागलात ना, तसं आठवायला लागलं की ते लगेच मंजूर करतात.