केरबाभाऊ कराटे शिकतात

केरबाभाऊ लाथ मारायच्या आधी समोरच्याला कमरेत वाकून नमस्कार करत. समोर बहुधा दोरीवर वाळत घातलेली माझी लुंगी असे.

चिकलठाण्याला एकेक कारखाना उभा राहत होता, त्या दिवसांत आम्ही शेजारी होतो. एका ओळीत सहा खोल्या, पुढं एकच अंगण. केरबाभाऊ देवगाव रंगारीकडच्या मेंढपाळाघरचे, इथं कारखान्यात फिटर. वय पंचेचाळीस, पोट चार पावलं पुढं. गुलमंडीच्या फुटपाथवर त्यांना कराट्याचं हिंदी पुस्तक सापडलं आणि आमच्या सकाळी बिघडल्या. अंगणात "हूऽऽ!" झालं की माझ्या बायकोच्या हातून दूध सांडे.

"गुरुजी, ताकदीचं काय नसतंय. पयला दम!" असं मला सांगता सांगता त्यांनाच दम लागे.

एकदा हाताच्या कडेनं छपराचं कवेलू फोडायला गेले. कवेलू शाबूत राहिलं, मनगट पंधरा दिवस पट्टीत.

"निजामाच्या वक्ताचं हाय ते," ते म्हणाले. "लई पक्कं!"

शेजारच्या साळवेबाई दवाखान्यात नर्स होत्या, एकट्याच राहत. त्या म्हणत, "भाऊ, लाथ कमरेच्या वर गेली की हाक मारा. पेढे वाटते."

मग विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला. खेड्यापाड्यांत दलितांची घरं जळाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. एका दुपारी पाच-सहाजण काठ्या घेऊन अंगणात शिरले.

"साळवे कुठं राहती?"

मी दाराआड सरकलो, हे कबूल करतो. केरबाभाऊ मात्र पुढं झाले. हात खाली सोडून नुसते उभे.

"माझी बहीण हाय ती. काय काम हाय?"

साळवेबाईही दार उघडून त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "मीच साळवे. बोला."

माझी बायको मला ढकलून बाहेर गेली. तिच्यामागं बाकीची दारं उघडली. शिव्या देत ते लोक निघून गेले.

केरबाभाऊ पायरीवर जाऊन बसले. बाईंनी त्यांना पाणी दिलं.

"गावात माझा एक दोस्त व्हता, बाई," ते म्हणाले. "तुमच्यातलाच. विहिरीवर पाणी प्याला म्हणून त्याला लई मारलं. मी बांधाआड बसून व्हतो. तो माझं नाव घेऊन हाका मारीत व्हता. मी गेलोच नाय."

मग बाईंनी विचारलं, "काय नाव त्याचं?"

"रामा," केरबाभाऊ म्हणाले, आणि तोंडात उपरणं कोंबून रडले.