दालिसायच्या खोकल्याची बखर

श्रीअक्षरदेवी आणि तिची धाकटी बहीण शाई, उभयतां प्रसन्न असोत. शके अठराशे सत्तावन्न, युवानाम संवत्सरे, पूर्वसमुद्रातील बहुद्वीपांच्या राज्यात कागदाने माणसांवर अंमल कैसा बसविला आणि एका बाईने त्या कागदाचे दरबारी जाऊन वकिली कैसी केली, हे वर्तमान श्रोत्यांनी वारंवार पुसिले. त्यावरून जैसे कानी आले तैसे लिहिले आहे. कमीजास्त असेल ते समुद्राचे पदरी घालावे, कारण बातमी त्यावरूनच आली.

प्रथम राज्याचा मजकूर. पूर्वी त्या मुलखात क्रूसवाले फिरंगी येऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिले, आणि त्यांचे पाठीमागून महासागरापलीकडील टोपीकर आले, आणि दोघांनीही आपापली भाषा कचेरीत व शाळेत बसविली, आणि रयतेची भाषा चुलीपाशी राहिली. मग राजनगरात कोणी धाडसी छापखानेवाले निघाले, आणि त्यांनी त्या चुलीपाशीच्या बोलीत दर आठवड्यास एक सचित्र मासिक काढिले. आठवड्यास निघते त्यास मासिक कैसे म्हणावे, ऐसे कोणी विचारील, तर आम्हांसही तोच प्रश्न पडला होता. परंतु लोक म्हणत, आम्हीही म्हणतो. त्याचे नाव बितुइन, म्हणजे तारा. थोर लोक हसले, म्हणाले, "स्वयंपाकिणीची भाषा छापून वाचणार कोण?" तो स्वयंपाकिणींनीच वाचिले, आणि मग त्यांच्या धनिणींनी उशीखाली दडवून वाचिले, आणि मग अंमल ऐसा बसला की, चित्रात नायिकेच्या बाह्या फुगल्या म्हणजे महिन्याभरात सगळ्या मुलखाच्या बाह्या फुगत, आणि सिनेमावाले त्यातील कथा उचलून पडद्यावर नेत, आणि प्रेमात पडलेल्या पुरुषास बोलणे सुचेना तर तो त्यातीलच वाक्ये पाठ करून जाई, आणि मुलीनेही तोच अंक वाचिला असल्याकारणे पुढील वाक्य तीच सांगे. शिपाई नाही, तोफ नाही, आणि इतकी ताबेदारी! मोठे नवल वाटते.

कथा मात्र सबंध कधी देत नसत. दर आठवडी एक तुकडा द्यावा, आणि तोही नायिकेस कड्याच्या टोकावर उभी करून सोडावा, मग आठवडाभर रयतेने जीव मुठीत धरून बसावे, ऐसा दस्तूर.

त्या राज्याच्या एका टोकास मासळी वाळविणारांचे लहान बेट होते. तेथे साबेल नामे बाईचे दुकान होते, मीठ, साबण, रॉकेल, जे मागाल ते थोडेथोडे. तिकडे वडीलधाऱ्या बायकांस आलिंग म्हणतात, जैसे आपल्याकडे काकू, म्हणोन सारा गाव तिला आलिंग साबेल म्हणे. दुकानापुढे दोरी बांधून तीवर कपड्याच्या चिमट्यांनी अंक टांगिलेले असत. अंक घरी न्यावयाचा नाही, बाकावर बसून वाचावा आणि पुन्हा टांगावा, ऐसा तिचा कायदा. ज्यांस वाचता येत नसे त्या बायका मासळी चिरण्याच्या पाट्या घेऊन बाकापुढे बसत, आणि आलिंग साबेल मोठ्याने वाची. होडीतून नवा गठ्ठा आला म्हणजे तो सर्वांसमक्षच सोडावा, आधी कोणी चोरून पाहू नये. हा नेम ती स्वतःही पाळी.

त्या साली अंकात दालिसाय नामे नायिकेची कथा चालली होती. तीस सावत्र आईने विहिरीत टाकिली, ती निघाली. पुरात सोडिली, ती तरली. घरास आग लागली, ती अंगावर एक फोड न येता बाहेर आली. आणि नेमके त्याच समयी साबेलची भाची कोन्चिंग प्रसूत होऊन मुलगी जाहली. कोन्चिंगची आधीची दोन लेकरे पाळण्यातच गेली होती, म्हणोन ती नाव ठेवावयास भीत होती. तेव्हा साबेल म्हणाली, "अगं, दालिसाय ठेव. त्या नावास पाणी बुडवीना आणि आग जाळीना, तर ताप काय करणार?" हे सर्वांस पटले. कथा पुरी झाली नाही, पुढे काय वाढून ठेविले आहे कोण जाणे, हा विचार एकाही शहाण्याच्या डोक्यात आला नाही. पाद्र्याने मुलीच्या कपाळी पाणी घातिले, गावजेवण जाहले, आणि त्याच आठवड्याच्या अंकात दालिसाय खोकली.

आता तिकडील कथांचा एक अलिखित कायदा आहे: नायिका बुडो, जळो, हरवो, ती परत येते, परंतु एकदा का रुमाल तोंडाशी धरून खोकली, की संपले. साबेलच्या तोंडून ते वाक्य निघाले आणि चिरणाऱ्या सुऱ्या जागीच थांबल्या. सर्वांनी कोन्चिंगकडे पाहिले. आणि दैवाची थट्टा ऐसी की, तिच्या मांडीवरची पोर त्याच क्षणी खोकली. मासळी धुरावर वाळवितात तेथे कोण खोकत नाही? परंतु त्या दिवसापासून कोन्चिंगने पोर पाळण्यात ठेविली आणि उचलीना. दूध पाजण्यापुरती घेई आणि लगेच खाली ठेवी, तोंड फिरवून. साबेल रागे भरली तर म्हणाली, "लळा लागला की फार दुखतं, मावशी. या खेपेला मी लावूनच घेत नाही."

 नाव तर साबेलनेच सुचविलेले. मग बायकांची मजलस बसली आणि ठराव जाहला की, राजनगरास वकील पाठवावा आणि कथाकारापाशी दालिसायचा जीव मागून घ्यावा. दुसऱ्या कोणा राज्यात बायका देवास नवस बोलत्या. येथे त्यांनी छापखान्याचा रस्ता पुसला. नजराण्यास उत्तम सुकी मासळी टोपलीभर बांधून आलिंग साबेल होडीत बसली आणि स्वारी रवाना जाहली.

राजनगरचा छापखाना म्हणजे यंत्रांचा गडगडाट, आणि वरच्या मजल्यावर कथाकार सेवेरिनो. साबेलने मनात कोणी भारदस्त पुरुष योजिला होता. पाहते तो अंगठ्याएवढा मनुष्य, बाहीस शाई लागलेली, एकाच समयी तीन कथा लिहितो आहे. बाईने दालिसायचे नाव काढिले तर म्हणाला, "कोणती? विहिरीतली की आंधळी?"

"विहिरीतली, मास्तर. तिला मारू नका."

सेवेरिनोने टाक खाली ठेविला. "बाई, उशीर केलात. तिला मी परवाच मारली. शिशाचे खिळे जुळले, पाने बांधली, आज छापून निघतील. रडणाऱ्या नायकाचे चित्रसुद्धा तयार आहे."

तेव्हा साबेलने पोरीचे, नावाचे, पाळण्याचे सारे सांगितले. हा मनुष्य रोज नवी मरणे लिहिणारा, परंतु ऐसे मरण त्याने ऐकिले नव्हते. कान टवकारून एकेक पुसू लागला. "मूल आजारी आहे?"

"छाती साफ आहे म्हणतो डॉक्टर. धुरानं खोकते."

"मग भय कसले?"

"मास्तर, ती खोकल्यानं मरायची नाही. पण तिची आई तिला उचलत नाही. अशानं पोर जगते होय?"

सेवेरिनोने टोपलीतील एक मासळी उचलून हुंगली. मग म्हणाला, "मरण मला फिरवता येणार नाही. तुम्ही जा. गठ्ठा तुमच्याच होडीने येईल." आणि नजराणा मात्र ठेवून घेतला. बाई जिन्यावरून उतरताना तिचे कानी पडले की, केशतेलवाल्याने जाहिरात मागे घेतली आणि पानात भोक पडले आहे, म्हणोन खाली आरडाओरड चालली आहे. तिने तिकडे लक्ष दिले नाही. आपले गाऱ्हाणे काय कमी होते?

परतीचे वाटेवर तो गठ्ठा तिच्या कोपराखाली होता. सुतळी सोडावयास किती वेळ लागता? परंतु नेम तो नेम, आणि खरे सांगावयाचे तर एकटीने ते वाचण्याची तिची छाती नव्हती.

बेटावर सगळा गाव बाकापुढे जमला होता. कोन्चिंग एका टोकास, पाळणा घेऊन, पण पाळण्याकडे पाठ करून. साबेलने सुतळी कापली आणि वाचू लागली, आणि दालिसाय अंथरुणावर क्षीण होत गेली, आणि नायक धावत आला, आणि साबेलने एक शब्दही गाळिला नाही. खोटे वाचणे तिच्याने होईना. मग पानाच्या तळाशी, जेथे दर खेपेस केशतेलाची बाटली असे, तेथे बारीक अक्षरांत मजकूर होता. तो ऐसा:

"तेव्हा दूरच्या बेटावरची एक बाई, अंगाला सुक्या मासळीचा वास येणारी, दालिसायच्या उशाशी आली आणि म्हणाली, आमच्याकडे तुझ्या नावाची एक तान्ही आहे. दालिसाय हसली. म्हणाली, मग माझी उरलेली सगळी वर्षे तिला दे. आणि तिच्या आईला सांग, तिला खाली ठेवू नको. एवढे बोलून तिने डोळे मिटले."

बायकांनी साबेलकडे पाहिले. साबेलने नकळत आपल्या पदराचा वास घेतला. कोणी हसले नाही. मग मागे पाळण्याची दोरी करकरली, आणि कोन्चिंगने लेक उचलून अशी आवळून धरली की, ती पोर गुदमरून खोकलीच. परंतु या खेपेस त्या खोकल्यास कोणी भ्याले नाही. कोन्चिंग म्हणाली, "मावशी, ते शेवटचं पुन्हा वाच."

पुढे त्या राज्यात युद्ध जाहले, परकी फौज आली, कागद मिळेना; आणि पुढे एके काळी आपल्याच राजाने छापखान्यांस कुलपे घातिली; आणि मग नभोवाणी आली, चित्रांची पेटी आली, आणि दोरीवरचे चिमटे पुन्हा कपड्यांस लागले. दालिसाय मात्र जगली, नातवंडे पाहिली, आणि आजही कोणी तब्येत पुसली तर म्हणते, "माझ्यापाशी दोघींची वर्षं आहेत." कथा पुरी होईतो नाव ठेवू नये, ऐसा कायदा त्या बेटाने त्यावेळी केला. पाळिला कोणी नाही. येणेप्रमाणे कागदाच्या राज्याचे वर्तमान, पूर्ण.