मामा तलावातील मामांचे योगदान

विज्ञान एकट्याने करता येतं. आंतरविद्याशाखीय विज्ञानाला मात्र कोरम लागतो. या तत्त्वावर उभ्या असलेल्या महापरिषदेची सत्र-निवड समिती इतकी निःपक्षपाती होती, की ज्याला विषय कळतो त्याच्याकडे ती प्रस्ताव तपासायला पाठवतच नसे.

अड्याळकडच्या एका गावातून प्रा. रक्षा यांनी सत्र सुचवलं: ‘मामा तलावाच्या पाळीची गळती’. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. तिच्या पोटातून पाणी झिरपत होतं आणि खाली सगळ्या गावाचं धान होतं. सत्र झालं तर माती, पाणी, झाडोरा जाणणारे एका जागी भेटतील, त्यातलं कोणी येऊन पाळ पाहील, एवढाच रक्षाबाईंचा स्वार्थ. (हेतू इतका उघड असणं समितीला जरा अप्रगल्भ वाटलं.)

वडील मारोतराव रोज विचारत, “पाळ पाहाले कोनी येऊन राहिलं का नाही?”

“आधी मंजुरी तर भेटू द्या, बाबा.”

“पाण्यानं मांगतली का मंजुरी? थे तं तसंच जाऊन राहिलं.”

आता, मामा म्हणजे माजी मालगुजारी, एकेकाळी मालगुजार जमीनदारांच्या मालकीचा. सरकारी टिपणीत एवढं लांब नाव मावेना, म्हणून कोणीतरी दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर तेवढं ठेवलं, आणि कमळं-बगळे अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या त्या पाण्याला आईचा भाऊ होणं शोभूनही दिसलं. समितीने त्याला सख्खाच धरला. मानववंशशास्त्रज्ञांनी मातुलसत्तेचं स्वागत केलं. सांख्यिकीवाल्यांनी दर तलावामागे मामांचं प्रमाण विचारलं. (नमुन्यात शंभर टक्के.) आणखी एका तज्ज्ञांना मावशीला वगळल्याचं दुःख झालं. रक्षाबाईंनी खुलासा पाठवला. तो शब्दमर्यादेबाहेर गेल्याने वाचण्यात आला नाही. सत्र मंजूर झालं: ‘मातुलभाव आणि जलसंवेदना’. ‘गळती’ हा शब्द नकारात्मक म्हणून गाळला होता. अट एकच, मंचावर एक प्रत्यक्ष मामा हवा.

रक्षाबाईंनी आपले मामा नेले. मधुकरराव, पवनीचे कापडवाले. सत्काराची शाल त्यांनी बोटांत चोळून पाहिली आणि ती हातमागाची नसल्याचं भाचीच्या कानात सांगितलं. मग माइकसमोर एवढंच बोलले, “मामा-फामा राहू द्या जी. पाळ गळून राहिली. कोनीतरी पाहाले चला.”

सभागृहाने माना डोलावल्या. मग टाळ्या. नात्यांच्या मर्यादेसाठी ‘पाळ’ इतकी समर्थ प्रतिमा आपण ऐकली नव्हती, असं अध्यक्ष म्हणाले. एका संशोधिकेने ‘गळून राहिली’ या क्रियापदातलं कारुण्य टिपून घेतलं. जेवण लागल्यामुळे प्रश्नोत्तरं झाली नाहीत.

आषाढात पाळ फुटली. नुकतं रोवलेलं धान चिखलाखाली निजलं, आणि रिकाम्या तलावात आभाळाला उतरायला जागा उरली नाही. मारोतराव त्यानंतर कोणी येतं का, हे विचारायचं थांबले. समितीने खेद व्यक्त करून पुढल्या वर्षासाठी ‘फुटणे: एक बहुविद्याशाखीय आढावा’ या विषयावर प्रस्ताव मागवले.

सत्राचा अहवाल मात्र उत्तम झाला. श्रोत्यांचीच संख्या जरा कमी पडत होती. आपण इथवर मन लावून वाचलंत, मधेमधे हसलात, आणि जागचे उठला नाहीत. तेव्हा उपस्थितांत आपलंही नाव घातलं आहे. प्रमाणपत्र टपालाने येईल.